माउंट बँक्स : वणव्यानंतरचा सहावा वसंत

ऑक्टोबर, म्हणजे ऑस्ट्रेलियातला वसंत. दुसरा रविवार. ब्लू माउंटन्स, सिडनीच्या पश्चिमेला. बेत गटाने चालत रानफुलं बघण्याचा.

बेल्स लाइन ऑफ रोड सोडून माउंट बँक्सच्या फाट्याला वळलं की कच्चा रस्ता लागतो. इथवर ट्रेन येत नाही, म्हणून गाड्या वाटून घ्याव्या लागतात. पाणी माणशी किमान दोन लिटर, तेही घरूनच. गट बारा-चौदा जणांचा बरा. त्याहून मोठा झाला की पुढचे फुलं बघत असतात आणि मागच्यांना फक्त पाठी दिसतात.

गाडीतून उतरल्यावर पहिलं काम बुटांचं. फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्मजीव मातीत राहतो, मुळं कुजवतो आणि बुटांच्या चिखलातून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातो. बँक्सिया, वॉराटा, ग्रासट्री या इथल्या रानातल्या झाडाझुडपांना तो मारक आहे, आणि एकदा जमिनीत शिरला की त्याला बाहेर काढता येत नाही. आधी ताठ ब्रशने माती खरवडायची, तळव्याच्या खाचांतली काडीने काढायची. मग तीन भाग मेथिलेटेड स्पिरिट आणि एक भाग पाणी असं मिश्रण तळवा ओला होईपर्यंत फवारायचं आणि मिनिटभर सुकू द्यायचं. बरेच जण घाईत चिखलावरच फवारा मारतात. त्याचा काही उपयोग नाही, स्पिरिट चिखलाच्या आत पोचतच नाही. चालणं संपल्यावर, गाडीत बसण्याआधी हेच पुन्हा करायचं. (फवारा मारताना जवळपास कुणी सिगारेट ओढत नाही ना, एवढं बघावं.)

हा उतार डिसेंबर २०१९ मध्ये जळला. त्या उन्हाळ्यात ग्रेटर ब्लू माउंटन्स या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. इथल्या फुलांची यादी करायची तर महिन्याइतकंच आग लागून किती वर्षं झाली हेही विचारावं लागतं. आपल्याकडची कारवी सात वर्षांनी फुलते ती स्वतःच्या हिशोबाने. इथल्या बऱ्याच झाडांचा हिशोब आगीपासून सुरू होतो.

ग्रासट्री सगळ्यात आधी, आगीनंतरच्या पहिल्याच वर्षी भाल्यासारखे दांडे वर काढते. वॉराटाला जमिनीखाली लाकडी गाठ असते. वरचं सगळं जळलं तरी त्या गाठीतून नवे फुटवे येतात, आणि दुसऱ्या वर्षापासून फुलं धरतात. गुलाबी फ्लॅनल फ्लॉवर २०२०-२१ च्या उन्हाळ्यात उतारच्या उतार भरून आली होती. तिचं बी जमिनीत पडून असतं, धुरातली रसायनं आणि मागोमाग चांगला पाऊस मिळाला तरच उगवतं. एकदा फुलून बी टाकलं की पुढच्या आगीपर्यंत ती जवळपास दिसेनाशी होते. तेव्हाचे फोटो पाहून आज ती शोधत येणारे हिरमुसले होऊन परततात. आगीनंतरचा तो एकच उन्हाळा तिचा.

सहाव्या वसंतात चलती असते ती झुडपांची. वाटाण्याच्या कुळातल्या पिवळ्या-तांबड्या डिलविनिया, गुलाबी बोरोनिया, आयसोपोगॉनचे पिवळे गोंडे, आणि आडोशाच्या घळीत वॉराटा. वॉराटाचं जे एक मोठं लाल फूल वाटतं तो शंभराहून जास्त बारीक फुलांचा गुच्छ असतो, खाली लाल पात्यांची झालर. दहापट भिंग डोळ्याशी धरून वाकायचं; फांदी आपल्याकडे ओढायची नाही. फूल तोडणं तर राष्ट्रीय उद्यानात गुन्हाच आहे.

या उतारावरची सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट मात्र फुलात नाही, बँक्सियाच्या काळ्या पडलेल्या जुन्या बोंडात आहे. बारीक पानांची बँक्सिया एरिसिफोलिया आगीत मरते. मुळातून पुन्हा फुटत नाही. तिच्या बोंडावर लाकडी ओठ मिटलेले असतात. आगीची धग लागली की ते उघडतात, पण बी लगेच पडत नाही. दोन बियांच्या मध्ये लाकडी पडदा असतो. तो भिजला की मिटतो, सुकला की पसरतो, आणि या मागेपुढे होण्यात पंखवालं बी हळूहळू बाहेर ओढलं जातं. म्हणजे बी पडतं ते पाऊस येऊन गेल्यावर, राख ओली असताना. तापलेल्या राखेत पडलं असतं तर वाया गेलं असतं.

म्हणूनच दोन आगींमधलं अंतर महत्त्वाचं. रोपाला वाढून, फुलून, बियांचा पुरेसा साठा करायला साधारण सात-आठ वर्षं लागतात. त्याआधी पुन्हा आग आली तर जुनी झाडं नाहीत, बीही नाही, आणि ती जात त्या उतारावरून नाहीशी होऊ शकते. ‘बुशला (इथल्या रानाला) आग लागतेच, ते परत उगवतं’ असं सरसकट बोललं जातं ते अर्धंच खरं आहे.

ही रोपं वाटेच्या अगदी कडेला आहेत, त्यामुळे एका रांगेत चालणं हा इथला खरा नियम. वाटेत मधोमध डबकं असेल तर डबक्यातूनच जायचं. प्रत्येक जण कडेने गेला की दोन महिन्यांत वाट दुप्पट रुंद होते. कास पठारावर कुंपण आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा का आणावी लागली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. काठीच्या टोकाला रबरी टोपी हवी. वेग ताशी दीड किलोमीटर धरावा. त्याहून भरभर गेलं तर ऑर्किड एकही दिसत नाही.

जेवायला जळक्या गमच्या (निलगिरीच्या जातीतल्या) झाडाखाली बसू नये. खोडावर हिरवी लव फुटलेली असते, झाड जिवंतही असतं, पण बुंधा आतून जळून पोकळ झालेला असू शकतो आणि वरच्या मेलेल्या फांद्या वारा नसतानाही पडतात. जोराचा वारा सांगितला असेल तर बेत रद्द करावा.

माथ्याजवळ वालुकाश्म संपून बेसॉल्टची टोपी लागते. दगड बदलला की माती बदलते. खालची खुरटी झुडपं जातात आणि काही पावलांत उंच झाडं आणि नेचे सुरू होतात. सह्याद्रीतल्या माणसाला ही माती ओळखीची वाटेल.

मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आणीबाणीचा बीकन (अडकलो तर मदतीसाठी संकेत पाठवणारं छोटं यंत्र) काटूंबा गावच्या पोलीस ठाण्यातून फुकट मिळतो, तो आदल्या दिवशीच आणावा.

पूर्व किनारपट्टीवर हा गोचिडांचाही मोसम. फिकट रंगाची जुनी पँट घालावी. कोळशाचे डाग पडतात, पण गोचीड दिसते. घरी गेल्यावर कानामागे, काखेत, केसांच्या रेषेत बघायचं. चिकटलेली सापडली तर बोटांनी ओढायची नाही, चिमटायची नाही; दाबली की ती लाळ आत सोडते, आणि काहींना त्याचीच तीव्र ॲलर्जी होते. औषधाच्या दुकानात ईथरचा गोठवणारा स्प्रे मिळतो. तो मारून ती जागीच मरू द्यायची आणि आपोआप गळून पडेपर्यंत वाट बघायची. आधी ॲलर्जी झालेली असेल तर घरी प्रयोग न करता थेट दवाखाना गाठायचा.