आधी रान बघा, मग विमान: सांगली-साताऱ्याकडचं फ्लाय-इन

फ्लाय-इन, म्हणजे रिमोटवरची (आरसी) मॉडेल विमानं एकत्र जमून उडवण्याचा दिवस, ठरलं की ग्रुपवर चर्चा सुरू होते ती मोटर आणि बॅटरीची. रान कुठलं, हे सगळ्यात शेवटी निघतं. आपल्याकडे निम्मी विमानं जातात ती याच उलट्या क्रमामुळे. कृष्णाकाठी दहा-बारा फूट वाढलेल्या उसात पांढरं फोमचं विमान पडलं, तर पंधरा पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून तारीख ऊसतोड बघून धरावी. शेजारची रानं मोकळी झाली की जागा सापडते.

तुटलेल्या उसाचं रान मात्र धावपट्टी म्हणून घेऊ नका. बुडखे टोकदार असतात, पहिल्याच लँडिंगला चाकांची तार वाकते आणि पोटाखालचा फोम फाटतो. गुरं चरून बसलेला मुरमाड माळ सगळ्यात बरा. जत, कवठे महांकाळ, खटाव, माण या बाजूला असे माळ सहज मिळतात. साठ मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पट्टा दगड वेचून साफ केला, तरी ट्रेनर (शिकाऊंच्या) विमानांना पुरतो. उन्हाळ्याच्या तोंडाला टिटवी अशाच माळावर अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर पट्टा पन्नास पावलं सरकवा. तासगावकडे द्राक्षबागा आणि त्यांच्या तारा लक्षात ठेवाव्या लागतात. विजेच्या मोठ्या तारांजवळची जागा बघायलासुद्धा जाऊ नका.

पट्टा शक्यतो पूर्व-पश्चिम आखावा, पायलट दक्षिणेला उभे राहावेत आणि तोंड उत्तरेकडे असावं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळभर ऊन पाठीवर राहतं. उन्हाच्या तिरिपेत विमानाची नुसती काळी आकृती दिसते, ते येतंय की जातंय तेच कळत नाही आणि हात उलटा पडतो. पायलटांच्या मागे टेबलं आणि बॅटऱ्या, त्यामागे दोरी, दोरीपलीकडे बघे. पट्ट्यापासून दोरीपर्यंत तीस मीटर अंतर ठेवा. पोरं दोरीखालून येतातच, तेवढ्यासाठी एक माणूस उभा करावा. उडवताना पायलटांच्या रेषेमागे विमान आणायचं नाही. हा एकच नियम कडक पाळला, तर बाकीचे थोडे ढिले चालतात.

परवानगीचंही आधीच बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांत आरसी विमानंही येतात. छंदाचं मॉडेल डोळ्यांनी दिसेल एवढ्याच अंतरात उडवायचं असतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात असेल तर ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. कराडला विमानतळ आहे, म्हणून त्या बाजूला जागा धरणाऱ्यांनी नकाशा बघितल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. रानमालकाला विचारायचं, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्यायचं. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथला विचारच सोडा.

आता विमान. नवख्याला वरच्या पंखाचा, सव्वा मीटरच्या आसपासचा फोम ट्रेनर द्यावा. १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) २२१२ आकाराची मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १०×४.५ चा प्रॉप (पुढचा पंखा), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि २२०० एमएएचची थ्री-एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी. सगळं मिळून ८०० ते ९०० ग्रॅम भरतं. सरासरी १२ अँपिअर ओढ धरली, तर ऐंशी टक्के बॅटरी साधारण नऊ मिनिटांत संपते. म्हणून ट्रान्समीटरचा (हातातल्या रिमोटचा) टायमर सात मिनिटांवर लावा. लँडिंगचे दोन-तीन प्रयत्न फुकट जातात, त्यांची सोय उरलेल्यात होते.

उडवण्याआधी प्रत्येक विमान एका टेबलावरून गेलं पाहिजे. तपासणाऱ्याने विमानाच्या मागे उभं राहून बघावं. स्टिक उजवीकडे दिली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर आला पाहिजे. एलेरॉन उलटे राहणं ही मेडन फ्लाइटमधली, म्हणजे पहिल्या उड्डाणातली, नेहमीची चूक, कारण घरी सगळे ‘हलतंय ना’ एवढंच बघतात. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते ६ सेंटिमीटर. शेपटीकडे जड विमान हातातून सुटताच नाक वर करतं, थबकतं आणि पडतं. शिसं चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघा. प्रॉपवरची अक्षरं पुढच्या बाजूला हवीत. उलटा बसवलेला प्रॉप फिरतो, आवाजही करतो, पण पुरेसं ओढत नाही.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय) खरोखर ट्रान्समीटर बंद करून तपासा, पण आधी प्रॉप काढा. मोटर थांबली पाहिजे. मग ट्रान्समीटरचा रेंज टेस्ट मोड (सिग्नल मुद्दाम कमी करणारा) लावून तीस पावलांवरून सर्व्हो हलतात का बघा. चालू करताना ट्रान्समीटर आधी, बॅटरी नंतर. बंद करताना बॅटरी आधी.

चार्जिंगचं टेबल सावलीत हवं. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरवरच लावा, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. बंद गाडीत काहीच ठेवू नका. लिपो फुगते आणि हॉट ग्लूने चिकटवलेला सर्व्हो फोमपासून सुटतो.

सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ शिकाऊंची. दहानंतर माळ तापतो, हवेचे झोत वर सुटतात आणि हलकं विमान नुसतं उड्या मारतं. त्याच झोतांवर घारी येतात. घार मागे लागली तर थ्रॉटल (मोटरचा जोर) देऊन वर चढा, खाली सूर मारू नका. खाली येणाऱ्यावर ती जास्त जोरात झडप घालते. एका वेळी चारच विमानं हवेत. ‘टेकऑफ’, ‘लँडिंग’, ‘मोटर बंद’ हे मोठ्याने ओरडायचं. मोटर बंद पडलेल्याला पट्टा पहिल्यांदा.

आणि तरीही एखादं लांबच्या उसात जाणारच. पडलेलं दिसताक्षणी पायलटने जागचं हलू नये. त्याने विमान गेलं त्या दिशेला हात धरून ठेवावा, दुसऱ्याने पन्नास पावलं बाजूला जाऊन तिथून दिशा दाखवावी. दोन रेषा मिळतात तिथे बांधावरची एखादी खूण पकडा. थ्रॉटल शून्यावर ठेवा. उसात अडकलेला प्रॉप फिरवायला गेलात तर ईएससी जळतो. ट्रान्समीटर मात्र चालू राहू द्या, कारण स्टिक हलवली की सर्व्होची कुरकुर चार-पाच सरींपर्यंत ऐकू येते. मालकाला विचारून, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून आत जा. पात चेहरा कापते, आणि पाचटात घोणस असू शकते. बांधापासून सऱ्या मोजत एकाच सरीने सरळ जायचं. आडवं घुसलं की ऊसही मोडतो आणि मोजणीही चुकते. विमान सापडलं की आधी बॅटरी काढा. ती चेपली असेल तर पुन्हा चार्जरला लावू नका, वाळूच्या बादलीत ठेवा. सरीला पाणी सोडलेलं असेल तर रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) उघडून दोन दिवस सावलीत वाळवा, आणि फेलसेफ नव्याने तपासल्याशिवाय ते विमान पुढच्या रविवारी रेषेवर आणू देऊ नका.