वाचता येतं, पण कळतं का?

सातवीतली एक मुलगी परवा माझ्यासमोर धडाधड वाचत होती, 'द वेल ड्राइड अप', उच्चार एकदम क्लिअर, मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, 'सर, चांगलं वाळलं.' वेल म्हणजे चांगलं एवढंच पाठ, विहीर डोक्यातच नाही. 2000 पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण बऱ्याच मुलांना प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ती ओळ जशीच्या तशी उतरवायची सवय लागलेली असते, मार्कही मिळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मी आधी मराठीत गप्पा मारतो, उन्हाळ्यात तुमच्या गावातल्या विहिरीचं काय होतं वगैरे, आणि मगच उतारा. गप्पांनंतर तीच ओळ वाचताना ती मध्येच थांबली, 'म्हणजे विहीर आटली ना सर?'