बिन फाइलचं नाव बदललं की सगळं अडतं: गेमच्या डिस्क सीएचडीत आणल्या त्याचा अनुभव

डिस्कची कॉपी करून देणाऱ्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे: फाइलींची नावं आपल्या सोयीने बदलू नका. तुम्हाला ते नीटनेटकं वाटतं, पण गिऱ्हाइकाच्या सगळ्या सुट्ट्या ते निस्तरण्यात जातात.

माझ्याकडे पहिल्या प्लेस्टेशनच्या ओरिजिनल डिस्क आहेत, खालून काळ्या असतात त्या. काकांनी मुंबईहून आणलेल्या. चोपड्यात उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत वस्तूंचं काय होतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. डिस्क खराब व्हायच्या आत इमेज (म्हणजे डिस्कची फाइलीतली हुबेहूब प्रत) काढून ठेवायच्या, एवढंच मनात होतं. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून जळगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात दिल्या आणि पेन ड्राइव्हवर भरून आणल्या: बिन फाइलींमध्ये डिस्कवरचा सगळा डेटा आणि सोबत त्यांची यादी असलेली क्यू फाइल. एकेक सीडी सहाशे-सातशे एमबीपर्यंत जाते, लॅपटॉपमध्ये जागा बेताची. म्हणून त्या सीएचडी, म्हणजे इमेज दाबून लहान ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, करायच्या ठरवल्या.

झिप का नाही, असं भाच्याने विचारलं. गेम चालू असताना एमुलेटरला (कॉम्प्युटरवर जुन्या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) डिस्कवरचा कुठलाही मधलाच भाग लागतो आणि झिप त्यासाठी आधी पूर्ण उलगडावी लागते. सीएचडीत इमेजचे छोटे तुकडे सुटे सुटे दाबलेले असतात, हवा तेवढाच उघडतो. शिवाय यात काहीही गमवावं लागत नाही. गाण्याचे ट्रॅक फ्लॅकमध्ये जातात, म्हणजे आवाज मूळचा तसाच राहतो. फॉरमॅट मेम या आर्केड एमुलेटरवाल्यांचा, आणि सीएचडीमॅन हा प्रोग्रॅम मेमसोबतच फुकट मिळतो.

काम खरं तर एका ओळीचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएचडीमॅन, पुढे क्रिएटसीडी, मग आय (-i) लावून क्यू फाइलचं नाव आणि ओ (-o) लावून नव्या सीएचडीचं नाव. नावात स्पेस असेल तर ते अवतरणात घ्यायचं. आय पुढे बिन नाही, क्यूच द्यायची.

मी ओळ टाकली आणि एरर आला: बिन फाइल सापडत नाही. फाइल तर त्याच फोल्डरमध्ये समोर दिसत होती.

क्यू ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. ती म्हणजे डिस्कचा सातबारा: कोणता ट्रॅक कोणत्या बिन फाइलमध्ये, तो डेटाचा की ऑडिओचा, कुठून सुरू होतो, सगळं तिच्यात लिहिलेलं. माझ्या क्यूमध्ये जुनी लांबलचक नावं होती आणि फोल्डरमध्ये दुकानात ठेवलेली नवी. क्यूला मात्र कुणी हात लावला नव्हता. एकच बिन असलेल्या डिस्कना नोटपॅडमध्ये अवतरणातलं एक नाव दुरुस्त केलं की काम झालं. त्या पटापट उरकल्या.

अडकलं ते रिज रेसर या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर. त्या डिस्कवर पहिला ट्रॅक गेमचा आणि पुढचे सगळे गाण्यांचे. (हा गेम कन्सोलच्या मेमरीत पूर्ण चढतो, त्यामुळे चालू झाल्यावर डिस्क काढून आपल्या गाण्यांची सीडी घातली तरी शर्यत सुरू राहते. लहानपणी आम्ही ते भरपूर केलंय.) दुकानदाराने प्रत्येक ट्रॅकची वेगळी बिन काढली आणि नावातून ट्रॅकचे नंबरच उडवले. कोणतं गाणं कितवं, काही पत्ता नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘फाइली पूर्ण आहेत ना, मग झालं.’ मित्र म्हणाला, ‘जाऊ दे ना भो, नेटवरून उतरव.’ मला ते पटलं नाही. डिस्क माझी, तिची इमेजही माझ्याच डिस्कची हवी.

यातून वाट निघाली ती आकड्यांनी. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाला 75 सेक्टर आणि एका सेक्टरला 2352 बाइट, म्हणजे एका सेकंदाचे 1,76,400 बाइट. बिनचा आकार बाइटमध्ये बघायचा आणि या आकड्याने भागायचं, की गाण्याची लांबी निघते. 3,17,52,000 बाइटची फाइल म्हणजे बरोबर 3 मिनिटं. मग वडिलांच्या जुन्या सीडी प्लेअरमध्ये मूळ डिस्क घातली, पहिला ट्रॅक सोडून दिला (तो डेटाचा, वाजवायचा नाही) आणि पुढच्या प्रत्येक ट्रॅकची वेळ कागदावर उतरवली. दोन-दोन सेकंदांचा फरक आला तर घाबरू नका. गाण्याआधीची शांतता पुष्कळदा त्याच फाइलमध्ये धरलेली असते. ज्यांची लांबी जवळपास सारखी निघाली त्या बिन ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये रॉ डेटा म्हणून उघडून ऐकल्या: 16 बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, 44100 हर्ट्झ. कागद आणि फाइली जुळल्या तेव्हा जो आनंद झाला तो शर्यत जिंकल्यावरही झाला नव्हता.

बिनची नावं क्यूप्रमाणे परत केली, क्यूचं एक अक्षरही बदललं नाही. सीएचडी पहिल्या फटक्यात तयार झाली.

सीएचडीमॅनमध्ये व्हेरिफाय आहे, ते जरूर चालवा. पण ते फाइल शाबूत आहे एवढंच सांगतं. गाण्यांचा क्रम चुकलेला असला तरी त्याला कळत नाही, तो खेळूनच बघावा लागतो. तोवर बिन पुसू नका. मधेच लाइट गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर अर्धवट सीएचडी पुसून पहिल्यापासून करा, अर्ध्यातून पुढे जात नाही. किती जागा वाचेल ते गेमवर आहे: डिस्कवर नुसती भरताड (जागा भरायला टाकलेला निरुपयोगी डेटा) असेल तर फाइल खूप आटते, व्हिडिओ जास्त असतील तर थोडीच.

हे आधीच सांगायला हवं होतं: दुकानात आयएसओ (इमेजचाच दुसरा प्रकार) मागू नका. आयएसओमध्ये गाण्यांचे ट्रॅक येतच नाहीत, क्यू-बिनच मागा. तीन-चार डिस्कचा गेम असेल तर सगळ्या सीएचडींची नावं ओळीने लिहून एक एम3यू फाइल करा, एमुलेटरमध्ये तीच उघडा. प्लेस्टेशन 2 च्या खालून निळ्या डिस्क सीडी असतात, त्यांना क्रिएटसीडीच चालतं. चंदेरी डीव्हीडींना क्रिएटडीव्हीडी लागतं, आणि ते सीएचडीमॅनच्या जुन्या आवृत्तीत नाही, म्हणून नवीन मेम उतरवून घ्या.