गहाळ पुस्तकं आणि ग्रंथपालाची झोप

मार्च लागला की इतर महाविद्यालयांतल्या ग्रंथपाल मैत्रिणींचे फोन सुरू होतात. विषय एकच, स्टॉक टेकिंग, म्हणजे रजिस्टरमधलं प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का याची पडताळणी. कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाला रात्री झोप नाही. परवा एक जण म्हणाली, "अगं, न सापडलेल्या पुस्तकांची यादी वाढत चाललीय आणि प्राचार्य विचारतायत, वसुली कुणाकडून करायची?" फोनवर तिला रडू आवरेना.

बाहेरच्या माणसाला हे पटतच नाही. शांत जागा, डोक्यावर पंखा, वाचायला पुस्तकं, मग तुम्हाला कसला आलाय ताण! मी अनुदानित महाविद्यालयात आहे. आमचे ग्रंथालय परिचर निवृत्त झाले, ती जागा अजून रिकामीच आहे. देवघेवीचा काउंटर, नव्या पुस्तकांची दाखल नोंद, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायची माहिती, परीक्षेचं पर्यवेक्षण आणि परीक्षेचे फॉर्म सुटले की नो ड्यूजची, म्हणजे 'पुस्तक बाकी नाही' या दाखल्याची रांग, सगळं दोन माणसांवर. हे ओझं जड आहेच, पण त्यानं माणूस दमतो आणि घरी जाऊन झोपतो. झोप उडवते ती हरवलेल्या पुस्तकाची भीती.

पडताळणीत नेमकं काय होतं ते सांगते. एकानं कपाटापुढे उभं राहून दाखल क्रमांक, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला रजिस्टरमध्ये मिळालेला आकडा, वाचायचे, दुसऱ्यानं रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं बारीक खूण करायची. जुन्या पुस्तकांच्या धुळीनं नाक चोंदतं, म्हणून तोंडाला ओढणी बांधलेली. शेवटी ज्या आकड्यांपुढे खूण नाही, ते पुन्हा शोधायचे. आमच्याकडे विद्यार्थ्यांना थेट कपाटापर्यंत जाता येतं, आणि ते तसंच असायला हवं. पण परीक्षा जवळ आली की कॉस्ट अकाउंटिंगची पुस्तकं ६५७ या वर्गांकाच्या (विषयाच्या क्रमांकाच्या) कप्प्यातून उठून धर्माच्या २०० च्या रांगेत, मागच्या बाजूला आडवी सापडतात. उद्या आपल्यालाच मिळावं म्हणून मुलं लपवून ठेवतात. त्यांचा राग येत नाही; तीन प्रती आणि साठ मुलं असली की दुसरं काय होणार?

तरी काही पुस्तकं खरोखरच जातात. वापरात असलेल्या ग्रंथालयातून ती जाणारच, हे केंद्र सरकारच्या नियमांनीही मान्य केलंय. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधला नियम २१५ प्रत्येक ग्रंथपालानं मुळातून वाचावा. वर्षभरात दिलेल्या किंवा वाचनासाठी हाताळलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तकांचं नुकसान त्यात वाजवी धरलंय. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. १,००० रुपयांपेक्षा महाग पुस्तकांची, आणि दुर्मीळ असतील तर कोणत्याही किमतीच्या पुस्तकांची, मात्र चौकशी व्हायलाच हवी. २०,००० पर्यंत ग्रंथसंख्या असेल तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० असेल तर तीन वर्षांतून एकदा, आणि त्याहून मोठ्या संग्रहाची तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी.

हा नियम आमच्या महाविद्यालयाला थेट बंधनकारक नाही. म्हणूनच मी तो छापून ग्रंथालय समितीपुढे ठेवला आणि आमच्यासाठी हीच फूटपट्टी मानावी, असा ठराव करून घेतला. इतिवृत्तावर प्राचार्यांची सही आहे. एका माणसाच्या उरावरचं ओझं त्या दिवशी संस्थेचं झालं. ताणावर कुणी प्राणायाम सांगतं, कुणी सहल. तेही करावं. पण ज्या भीतीचं मूळ कागदावर आहे, तिचा इलाज कागदावरच करावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण उपयोगी पडल्या. मार्चमध्ये सगळं एकदम काढण्याऐवजी आम्ही वर्षभर एकेक वर्गांक घेतो. कमवा व शिका योजनेतली मुलं रोज सकाळी एक कपाट क्रमानं लावतात, त्यात लपवलेली पुस्तकं आपसूक बाहेर येतात. सकाळचा पहिला तास काउंटर बंद. त्या वेळेत फक्त नोंदीचं काम. सुरुवातीला प्राध्यापकांनी कुरकुर केली, आता वेळ सगळ्यांना पाठ आहे. रात्री साडेदहाला "मॅडम, अमुक पुस्तक आहे का?" असा व्हॉट्सॲप आला तर उत्तर दुसऱ्या दिवशी काउंटर उघडल्यावर देते.

त्या मैत्रिणीला मी ठरावाचा मसुदा पाठवलाय. तिच्याकडे समितीची बैठक गेल्या वर्षी झालीच नव्हती, म्हणून आधी बैठकीची मागणी लेखी द्यायला सांगितली, अर्ज पोचल्याचा आवक क्रमांक घेऊन. न सापडलेल्या पुस्तकांची यादीही तिनं वर्षवार आणि किमतीसह करावी. सलग काही वर्षं न मिळालेली जुनी पाठ्यपुस्तकं एका बाजूला काढली की निर्लेखनाचा, म्हणजे ती रजिस्टरमधून कमी करण्याचा, प्रस्ताव वेगळा करता येतो, आणि खरी चौकशी करण्याजोगी पुस्तकं किती थोडी आहेत तेही दिसतं.