तुम्ही विचारलंत म्हणून: अहवाल कपाटातच जातात, तर मोजता कशाला?

सर्वेक्षणाचं काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "घरोघर जाऊन एवढी माहिती गोळा करता, त्यानं गरीब देशांतल्या गरिबांचं काही भलं होतं का? की अहवाल कपाटात?" विचारणारा बहुतेक वेळा हसत विचारतो, त्यामुळे मीही हसून वेळ मारून नेते. परवा मात्र एका मैत्रिणीच्या मुलीनं अगदी मनापासून विचारलं. तिला याच विषयात शिकायचंय. तिला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

बरेचसे अहवाल कपाटातच जातात, हे आधी कबूल करते. काही तर न उघडता जातात. पण जे धोरणापर्यंत पोचतात त्यांतलेही सगळे भलं करत नाहीत. संशोधन झालं म्हणजे धोरण आपोआप न्याय्य होतं, यावर माझा विश्वास नाही. कुणाला विचारलं आणि काय विचारलं, यावर सगळं अवलंबून असतं.

माझंच उदाहरण देते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अन्वेषक होते, म्हणजे प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणारी. कुटुंब कशाला म्हणायचं याची आमची व्याख्या पक्की होती: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. एका घरी मुलगा, सून, नातवंडं अशी माहिती भरून घेतली. निघताना पाहिलं तर पडवीच्या कोपऱ्यात एक म्हातारी तीन दगडांवर स्वतःपुरतं काहीतरी शिजवत होती. तिची चूल वेगळी, म्हणजे व्याख्येनुसार तिचं कुटुंब वेगळं. पण सर्वेक्षणासाठी निवडलेल्या कुटुंबांच्या यादीत त्या घराचं एकच कुटुंब होतं आणि ते मी भरून टाकलं होतं. मी पाणी प्यायले आणि पुढच्या घरी गेले. नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं. म्हातारी मात्र आमच्या आकड्यांत कुठेच आली नाही.

अशी न दिसलेली म्हातारी पुढे केवढी महागात पडते, ते बांगलादेशात दिसलं. तमिळनाडूत १९८० पासून चाललेल्या एका पोषण प्रकल्पाचा बराच गाजावाजा झाला होता. आईला मुलाच्या आहाराबद्दल नीट समजावायचं, वजन घटलेल्या मुलाला पूरक आहार द्यायचा, असं त्याचं स्वरूप. तोच साचा १९९५ मध्ये बांगलादेशात नेला. पैसा होता, कार्यकर्त्या होत्या, आयांनाही सल्ला कळत होता. तरी अपेक्षेइतका फरक पडेना. मूल्यमापन करणाऱ्यांनी घराच्या आत डोकावलं तेव्हा एक साधी गोष्ट कळली: बाजारहाट बहुधा पुरुष करत होते आणि एकत्र कुटुंबात कुणाच्या ताटात काय पडायचं ते सासू ठरवत होती. प्रकल्प शिकवत होता सुनेला. ज्या बाईच्या हातात निर्णय होता तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. एका ठिकाणी यशस्वी झालेली योजना उचलून दुसरीकडे ठेवण्याचा मोह कुणाला होत नाही? पण योजनेबरोबर तिथली घरं उचलून आणता येत नाहीत.

याच्या उलटही घडलंय. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपत आली तेव्हा कृष्णवर्णीय वृद्धांच्या पेन्शनमध्ये मोठी वाढ झाली. पेन्शन म्हाताऱ्यांसाठी होती, मुलांशी तिचा काही संबंध नव्हता. अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांनी त्या घरांतल्या मुलांची वजनं-उंची तपासली. पेन्शन आजीच्या हातात येत होती तिथे नातींची प्रकृती सुधारलेली दिसली. आजोबांच्या हातात येत होती तिथे तसा परिणाम दिसला नाही. घरात येणारी रक्कम तीच, पण हात बदलला की ती वेगळ्या वाटेनं जाते. ब्राझीलच्या आकडेवारीवरून डंकन थॉमस या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्येच हे दाखवलं होतं. मजुरीबाहेरचं, म्हणजे पेन्शन, भाडं असं उत्पन्न आईच्या हाती असेल, तर मूल जगण्याच्या शक्यतेवर त्याचा परिणाम बापाच्या हाती असलेल्या तेवढ्याच उत्पन्नापेक्षा जवळजवळ वीसपट. 'कुटुंबाचं मासिक उत्पन्न' असा एकच रकाना ठेवला असता, तर यातलं काहीच दिसलं नसतं.

रकान्यावरून आठवलं. १९९० च्या दशकात भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं एक प्रयोग केला. काही घरांना नेहमीप्रमाणे गेल्या ३० दिवसांतला खाण्यावरचा खर्च विचारला, काहींना गेल्या ७ दिवसांतला. ७ दिवसांच्या हिशोबात खर्च जास्त नोंदला गेला. एवढ्यानंच मोजलेली गरिबी जवळजवळ निम्म्यावर आली. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांच्या हिशोबानं, सुमारे २० कोटी माणसं कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर गेली. एक रुपया कुणाला मिळाला नव्हता. १९९९-२००० च्या फेरीत तर एकाच घराला दोन्ही मुदतींचे प्रश्न विचारले गेले, एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडण्याची शक्यता आली आणि आधीच्या आकड्यांशी तुलनाच अवघड होऊन बसली. तेव्हापासून कुणी छातीठोकपणे 'गरिबी इतकी टक्के घटली' म्हणालं की मी आधी विचारते, किती दिवसांचं विचारलं होतं?

मुलीनं मध्येच अडवलं. "म्हणजे सगळं असंच निसरडं आहे?" नाही. काही गोष्टी बऱ्यापैकी घट्ट कळतात.

'फुकट दिलं की किंमत राहत नाही' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. विकास धोरणात ते वर्षानुवर्षं शहाणपण म्हणून चाललं. केनियात ते तपासलं गेलं. शाळेतल्या जंतनाशक गोळ्यांसाठी पालकांकडून थोडे पैसे घेतले, तर गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. गर्भवती बायकांना मच्छरदाणी फुकट देण्याऐवजी ६० अमेरिकी सेंट लावले, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्केबिंदूंनी घसरलं. आणि मुख्य म्हणजे, फुकट मिळालेल्या बायका ती कमी वापरतात असं काही आढळलं नाही. पुढे आफ्रिकेत मच्छरदाण्या मोठ्या प्रमाणावर फुकट वाटल्या गेल्या. त्याचं सगळं श्रेय एका अभ्यासाला देणं खरं होणार नाही, पण गरिबाला उपदेश करणाऱ्या त्या वाक्याची हवा तरी गेली.

मेक्सिकोची गोष्ट मला सगळ्यात आवडते, तिच्यातल्या उणिवांसकट. १९९७ मध्ये तिथे 'प्रोग्रेसा' सुरू झाली. मुलं शाळेत गेली, दवाखान्यात तपासणी झाली, तर आईच्या हातात रोख रक्कम. माध्यमिक शाळेत मुलींची गळती जास्त, म्हणून तिथे मुलींची रक्कम मुलांपेक्षा थोडी जास्त. पैसा एकदम सगळीकडे पुरणार नव्हता. योजना आखणारे अर्थशास्त्रज्ञ सांतियागो लेव्ही आणि सहकाऱ्यांनी त्या अडचणीचाच उपयोग करून घेतला: मूल्यमापनासाठी ५०६ वस्त्या घेतल्या, चिठ्ठी टाकावी तशा निवडून ३२० मध्ये योजना आधी आणली, १८६ मध्ये नंतर. फरक मोजण्याचं काम बाहेरच्या संस्थेला दिलं. २००० साली ७१ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला. नवा अध्यक्ष आला की जुन्याची योजना गुंडाळायची, ही तिथली जुनी रीत. ही मात्र टिकली, नाव तेवढं बदललं. आकडे हाताशी होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. अखेर २०१९ मध्ये ती बंद झालीच. आकडे राजकारणाला काही काळ थोपवू शकतात, कायमचं नाही.

उणिवा म्हणाले त्या अशा. शाळेतली हजेरी वाढलेली आकड्यांत दिसली. पण गावात राहून, बायकांशी बोलून ज्यांनी अभ्यास केला त्यांना आणखी काही दिसलं. बैठका, रांगा, तपासण्या यांचा सगळा बोजा आयांवर पडला होता, आणि एकाच गल्लीत एकीला पैसे नि दुसरीला नाहीत म्हणून शेजारणींत दुरावा आला होता. आमच्या क्षेत्रात आकडेवाले आणि गप्पावाले एकमेकांना जरा कमीच लेखतात. मी आकडेवाली. तरी त्या शेजारणी मला कुठल्याही तक्त्यात सापडल्या नसत्या.

आणखी एक. ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांना निष्कर्ष परत सांगायचे, ही साधी रीत आम्ही फार उशिरा शिकतोय. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन झालं. शेवटी २०१७ मध्ये त्यांनीच संशोधकांसाठी आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था आणि ठरलेल्या रीतीनं वागणं. परवानगी आधी घ्या, दिलेला शब्द पाळा, आम्हाला काय मिळणार ते सांगा. वाचताना ओशाळायला झालं. मी किती घरांत परत गेले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

मुलीनं शेवटी विचारलं, "मग त्या म्हातारीचं काय झालं?" मला माहीत नाही. पुढे प्रश्नावली बनवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सुरुवातीलाच एक ओळ घातली: या छपराखाली चुली किती? एकाहून जास्त निघाल्या की यादी नव्यानं करावी लागते. प्रत्येक घरामागे चार-पाच मिनिटं वाढतात, अन्वेषक कुरकुरतात, आणि दर वेळी खर्च कमी करायच्या बैठकीत सगळ्यात आधी त्याच ओळीवर कुणीतरी बोट ठेवतं.