गोऱ्हा आहे म्हणून?

मंगळवार, रात्री 11
गोठ्यात बसूनच लिहितेय. समोर पाचटावर पाच दिवसांचं वासरू, गोऱ्हा म्हणजे नर, आडवं पडलंय, अंगावर पोतं, वर शंभरचा बल्ब. सकाळी दूध प्यायला उठलाच नाही, शेपटी पिवळ्या पाण्याने भिजलेली, तोंडात बोट घातलं तर तोंड आतून थंडगार आणि बोट चोखेना. तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

दुपारी डॉक्टर आले. थर्मामीटर 97 वर, एवढ्या वासराला 101-102 तरी पाहिजे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, डोळे खोल गेलेले. म्हणाले अंगातलं पाणी संपत आलंय, हगवणीपेक्षा त्यानेच वासरं जातात. रक्तवाहिनी इतकी बसलेली की सुई दोनदा हुकली, तिसऱ्यांदा लागली. सलाईनच्या बाटल्या बादलीतल्या गरम पाण्यात ठेवून कोमट केल्या आणि वाशाला टांगल्या, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, दोन तास, पाय पार बधीर झाले पण हलले नाही. चोखत नाही तोवर बाटलीने काही ओतायचं नाही, फुप्फुसात जाईल, असं बजावून गेलेत.

बुधवार, पहाटे
रात्रभर दर तासाला उठून कान चाचपले. कान गार म्हणजे वाईट. तीनला गारच होते, पाचला जरा कोमट वाटले का मलाच तसं वाटतंय माहीत नाही.

एक गोष्ट लिहून टाकते, डोक्यातून जात नाहीये. गुरुवारी रात्री अकराला गाय व्याली. आपल्याकडे वार (गर्भाभोवतालची झार) पडल्याशिवाय वासराला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पाजायचा नाही म्हणतात, आजी म्हणायची, आई पण तेच म्हणाली आणि मी गप्प बसले. वार पडली सकाळी सातला. म्हणजे आठ तास हे लेकरू उपाशी, खुंट्याला बांधलेलं, आणि गाय हंबरतेय. मला माहीत होतं हो. गायीच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते, आणि वासराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट घेतं, 24 तासांनी जवळजवळ बंदच. पहिल्या एक-दोन तासांत पाजायचा असतो चीक. उलट वासरू प्यायलं तर वार पडायला मदतच होते. हे सगळं माहीत असून आईशी वाद नको म्हणून बोलले नाही. त्यात सकाळी चार घरी खरवसाला चीक वाटला, तो पण मीच पोचवून आले.

बुधवार, संध्याकाळ
बोट चोखलं!! हलकंच, पण चोखलं. लगेच ओआरएस, कोमट, अर्धा लिटर, बाटलीने. दूध बंद करायचं नाही म्हणालेत डॉक्टर, फक्त ओआरएस आणि दुधात दोन तासांचं अंतर ठेवायचं.

गुरुवार
शेजारचे आप्पा आले होते, बघून म्हणाले "पोरी, गोऱ्हा हाय, कशाला एवढा खर्च करतीस, जाऊ दे त्याला." वाईट मनाने नाही बोलले, त्यांच्या गोठ्यात पण हेच चालतं. एचएफ (होल्स्टीन, परदेशी दुधाळ जात) संकराचा गोऱ्हा, त्याला खिलार बैलासारखं वशिंड नाही की जू टिकेल, दूध तर नाहीच, आणि 2015 पासून राज्यात कायद्याने खाटकाला देणं पण बंद. म्हणून मग कालवड असली तर डॉक्टर आणि गोऱ्हा असला तर "बघू", आणि तेवढ्या बघूत तो मरतो. कोणी मारत नाही, फक्त कोणी उठत नाही रात्री. मी आप्पांना उलट काही बोलले नाही, पण आजपर्यंत 1800 गेलेत आणि अजून जातील तर जाऊ देत, आठ तास उपाशी आम्ही ठेवलं त्याला, त्याने नव्हतं सांगितलं गोऱ्हा म्हणून जन्माला घाला.

आई हे सगळं चूल पेटवत ऐकत होती. आप्पा गेल्यावर काही न बोलता अंगावरची घोंगडी काढून गोठ्यात घेऊन गेली.

शुक्रवार
पुन्हा पातळ. पुन्हा एक सलाईन. हात धुऊन धुऊन सोललेत, पण धुवावेच लागतात, ही हगवण माणसालाही लागू शकते. जास्त लिहवत नाही.

शनिवार, पहाटे 5
आईने हाक मारून उठवलं, मला वाटलं संपलं. पळत गेले तर ती बॅटरी मारून खाली दाखवतेय. शेण. पिवळसर, पण शेणासारखं शेण, पाणी नाही. आणि तो चारी पायांवर, मागचे थरथरतायत पण उभा, गायीकडे तोंड करून. आई म्हणाली "आज डेअरीला दोन लिटर कमी घाल" आणि दावं सोडलं.