आतलं मशीन वेगळं मिळेल का?

नाशिकच्या एमजी रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात जेल पेनची रिफिल मिळते, फाउंटन पेनची निब मिळते. पेन पेन्सिलीचं आतलं मशीन मागा, दुकानदार नवी पेन्सिल काढून दाखवतो. त्याचंही बरोबर आहे, वीस-तीस रुपयांच्या वस्तूचं पोट सुटं विकून त्याला काय मिळणार? पण हजारभर रुपयांच्या धातूच्या पेन्सिलीलाही हाच न्याय, हे मात्र खटकतं. कारण पेन्सिल म्हणजे ते मशीनच. बाहेरची नळी, क्लिप, खरबरीत पकड हा सगळा वरचा थाट.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ट्रॉब (धातूचा लांब बार कातणारं ऑटोमॅटिक लेथ) चालवलेल्या माणसाला हे मशीन समजावून सांगावं लागत नाही. कॉलेट, म्हणजे बार आवळून धरणारी चिरलेली नळी, उघडतं, बार पुढे सरकतो, कॉलेट आवळतं. पेन्सिलीतही तेच चालतं, फक्त बारच्या जागी ०.५६ मिलीमीटरचं लीड. (पॉइंट फाइव्ह म्हणून मिळतं ते नेमकं अर्ध्या मिलीमीटरचं नसतं. पॉइंट थ्री तर ०.३८ च्या आसपास भरतं. पॉइंट सेव्हन तेवढं नावाला जागतं.)

पितळेचं तीन फाकांचं कॉलेट, त्याच्यावर एक सैल रिंग, मागे लीड साठवायची नळी, नळीवर स्प्रिंग. स्प्रिंग कॉलेटला सतत मागे ओढते, त्यामुळे फाका रिंगेत रुतून लीड आवळून धरतात. बटण दाबलं की कॉलेट, रिंग आणि लीड तिघं मिळून पुढे सरकतात. थोडं अंतर गेलं की रिंग टोकाच्या शंकूतल्या पायरीला अडते. कॉलेट मात्र पुढे जातं, रिंगेतून बाहेर पडतं आणि उमलतं. बटण सोडलं की उलटा प्रवास. या परतीच्या वाटेवर लीड मागे का येत नाही? शंकूच्या टोकाशी एक इवलंसं रबर बसवलेलं असतं, ते लीडला धरून ठेवतं. रिंग मागच्या पायरीवर टेकली की मगच फाका पक्क्या आवळतात.

म्हणजे सगळा हिशेब त्या रिंगेच्या धावेचा. पुढच्या आणि मागच्या पायरीमध्ये ती जितकी धावते, तितकंच लीड एका क्लिकला बाहेर येतं. मॉडेलप्रमाणे हे अर्धा ते एक मिलीमीटर.

अदलाबदलीचं घोडं अडतं ते इथेच. बहुतेक पेन्सिलींत मागची पायरी मशीनवर असते आणि पुढची शंकूत, म्हणजे बॉडीच्या बाजूला. एकाचं मशीन दुसऱ्याच्या शंकूत घातलं की धाव बदलते. कमी झाली तर दहादा टकटक करा तेव्हा कुठे टोक दिसतं. जास्त झाली तर एका क्लिकला दोन मिलीमीटर लीड बाहेर आणि पहिल्याच रेघेला कट्ट. आणि बटण पूर्ण दाबूनही रिंग पायरीपर्यंत पोहोचलीच नाही, तर कॉलेट उघडतच नाही. लीड पुढे येतं आणि तसंच मागे जातं. हे लक्षण दिसलं की आधी शंकू घट्ट फिरवून बघावा. अर्धा आटा सैल झालेला असतो आणि लोक पेन्सिल फेकून देतात.

तेव्हा मशीन खरोखर सुटं बदलता यावं असं वाटत असेल, तर दोन्ही पायऱ्या मशीनच्याच अंगावर हव्यात. कॉलेट, रिंग, स्प्रिंग, रबर, पुढची बारीक नळी, सगळं एका कवचात. बॉडीनं फक्त ते कवच धरायचं आणि बटणाचा दाब पोहोचवायचा, बाकी कशात तोंड घालायचं नाही. जर्मनीतल्या श्मिटसारख्या कंपन्या अशी तयार मशीनं बनवतात, लाकूड कातून हातानं पेन्सिली करणारे ती वापरतात. जपानी मल्टिपेनांनी तर हे रिफिलच्या जाडीत बसवलं. पायलटचं कोलेटो किंवा युनीचं स्टाइल फिट घ्या: लाल-निळ्या रिफिलशेजारी त्याच खोबणीत पेन्सिलीचं युनिट बसतं. त्या युनिटची पट्टी एकदा दाबली की युनिट बाहेर येऊन अडकतं, तीच पट्टी पुढे दाबली की लीड सरकतं.

फुकट मात्र काही मिळत नाही. इतक्या बारीक कवचात जास्तीची लीडं जेमतेम एक-दोन राहतात. शिवाय युनिट आत-बाहेर सरकायचं म्हणजे बॉडीच्या भोकात थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, ठेवावाच लागतो, आणि तो प्ले टोकाला जाणवतो. वहीत लिहायला चालतं. पट्टी लावून भूमितीची आकृती काढायला मला तरी नाही चालत. त्या कामाला चारेक मिलीमीटरची स्थिर नळी आणि घट्ट बसलेला शंकूच हवा.

जाडी बदलायची म्हटलं तर नुसतं कॉलेट बदलून भागत नाही. पॉइंट फाइव्हवरून पॉइंट सेव्हनवर जाताना कॉलेट, रबर आणि पुढची नळी तिन्ही बदलावी लागतात. युनीच्या कुरु टोगासारख्या पेन्सिलीचं (२००८) तर बोलायलाच नको. तिथे दर वेळी टोक कागदाला टेकलं की दातेरी चक्र लीडला ९ अंश फिरवतं, चाळीस टेकण्यांत एक फेरा. ते मशीन इतकं बॉडीत गुंतलेलं आहे की सुटं करायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

लीड ६० मिलीमीटरचं आणि फाकांपासून टोकापर्यंत अंतर बाराएक मिलीमीटर, म्हणजे शेवटचा पाचवा हिस्सा कॉलेटच्या हाताबाहेर. तो तुकडा नुसत्या रबराच्या भरवशावर असतो, मागचं लीड त्याला ढकलतं आणि लिहिताना तो गरगर फिरतो. काढून टाकावा, जीव जाळू नये. ट्रॉबवरही बारचा शेवटचा तुकडा भंगारातच जातो. नळीत तीनपेक्षा जास्त लीडं कोंबू नयेत, आडवी अडकतात. बटणाखालचं खोडरबर हरवलं असेल तर तसंच वापरू नये, कचरा थेट कॉलेटात उतरतो. बटण दाबताच लीड टोकातून गळून पडत असेल तर रबर झिजलंय. आणि कॉलेट नुसतंच उघडं राहत असेल तर आधी रिंग आहे का ते बघा. कुणीतरी शंकू उघडला होता का, हे घरातल्या सहावीतल्या माणसाला विचारा. बाकावर पेन्सिल खोलून स्प्रिंग उडवणं हा मराठी शाळांमधला जुना खेळ आहे.

सध्या आपल्याकडे खरा चालतो तो एकच मार्ग, दोन पेन्सिली खोलून एक करणे. अट इतकीच की दोन्ही एकाच मॉडेलच्या आणि एकाच जाडीच्या हव्यात. खोलताना खाली पांढरा रुमाल अंथरावा, शंकू टोक वर करून नव्हे तर खाली करून फिरवावा, म्हणजे रिंग शंकूतच राहते. फरशीवर पडली तर विसरा.